खोली दुप्पट, मग सगळंच दुप्पट?

एक खोली रंगवून झाली होती आणि शेजारचा हॉल रंगवायचा होता. हॉलची लांबी खोलीच्या दुप्पट, रुंदीही दुप्पट, उंची मात्र तेवढीच. खोलीला किती रंग लागला, किती माणसं राबली, किती वेळ गेला, हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. हॉलचा अंदाज काढण्याचं काम ज्या तरुणाकडे आलं त्याचं गणित चांगलं होतं. त्रैराशिक त्याने झोपेतही मांडलं असतं. त्याने कागद घेतला, पाच ओळी लिहिल्या आणि पेनचं टोपण लावलं.

त्या पाच ओळींचंच हे प्रकरण. हिशेब तोंडी करता यावा म्हणून आकडे गुळगुळीत केले आहेत, एवढंच.

आधी खोलीची माहिती. लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर, उंची ३ मीटर. चार भिंतींचं क्षेत्रफळ म्हणजे परिमिती गुणिले उंची: १८ × ३ = ५४ चौरस मीटर. त्यातून दार-खिडक्यांचे ६ वजा केले की उरतात ४८. छत ५ × ४ = २० चौरस मीटर. भिंतींना आणि छताला दोन-दोन हात दिले. भिंतींना तयार मिश्रण ८ लिटर लागलं, छताला पांढऱ्या रंगाचं ४ लिटर. भिंतींच्या रंगाच्या डब्यावर सूचना होती: रंग आणि पाणी ३ : १. पहिला हात दिल्यावर त्याच जागी दुसरा देण्याआधी ४ तास जाऊ द्यावेत, हेही डब्यावरच छापलेलं. छताच्या डब्यावरही तेच. माणसं दोन होती. आधी छत, मग भिंती, कारण छताचे थेंब भिंतींवर उडतात. एकूण १५ तास गेले. त्यातला १ तास डबे उघडणं, ढवळणं, गाळणं आणि शेवटी ब्रश-रोलर धुणं यात गेला.

हॉल १० मीटर × ८ मीटर, उंची ३ मीटर, दार-खिडक्या मिळून १२ चौरस मीटर. या वेळी माणसं चार मिळणार होती.

कागदावर लिहिलं होतं ते असं:

१. भिंतींचं मिश्रण: ८ चे १६ लिटर.
२. छताचं मिश्रण: ४ चे ८ लिटर.
३. भिंतींच्या मिश्रणाची पहिली बादली, ६ लिटरची: रंग ४, पाणी २.
४. वेळ: काम दुप्पट, माणसंही दुप्पट, म्हणून १५ तासच.
५. चाराऐवजी आठ माणसं मिळाली तर साडेसात तास.

पाचही ओळींत गुणाकार-भागाकाराची एकही चूक नाही. तरी बरोबर ओळ एकच आहे, पहिली, आणि तीही थोडी नशिबाने.

भिंती आणि छत

हॉलची परिमिती ३६ मीटर, म्हणून भिंती ३६ × ३ = १०८ चौरस मीटर. दार-खिडक्यांचे १२ वजा जाऊन ९६. खोलीच्या ४८ च्या बरोबर दुप्पट, तेव्हा मिश्रणही दुप्पट, १६ लिटर. ओळ बरोबर. पण तरुणाने ९६ हा आकडा काढलेलाच नव्हता. हॉल दुप्पट म्हणून रंग दुप्पट, एवढाच त्याचा विचार. उंची तीच राहिली म्हणून तो विचार तरला. उंचीही दुप्पट असती तर भिंती ३६ × ६ = २१६ चौरस मीटर झाल्या असत्या, म्हणजे खोलीच्या ५४ च्या चौपट, आणि त्याच विचाराने रंग निम्म्यावर संपला असता.

दुसरी ओळ नेमकी अशीच फसली. छताला उंची नसते. त्याला लांबी आणि रुंदी दोन्ही लागतात, आणि दोन्ही दुप्पट झाल्या होत्या. १० × ८ = ८० चौरस मीटर. २० चे ८०, म्हणजे चौपट. लागणार होते १६ लिटर, कागदावर होते ८. ही चूक उशिरा उघडकीला येते, हे तिचं आणखी एक वैशिष्ट्य. खोलीच्या छताला दोन हातांत ४ लिटर लागले, म्हणजे २० चौरस मीटरच्या एका हाताला २ लिटर. या दराने हॉलच्या ८० चौरस मीटरचा एक हात ८ लिटरमध्ये होतो. पहिला हात या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यवस्थित पुरा होईल, कुणाला शंकाही येणार नाही, आणि दुसऱ्या हाताच्या वेळी डबा रिकामा असेल.

आपल्याकडे त्रैराशिकाची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्याच्या तीन राशींना नावं दिलेली आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. छताचं नीट त्रैराशिक असं: २० चौरस मीटर हे प्रमाण, ४ लिटर हे फल, ८० चौरस मीटर ही इच्छा. ४ × ८० ÷ २० = १६. तरुणाने प्रत्यक्षात केलं ते असं: ५ मीटर प्रमाण, ४ लिटर फल, १० मीटर इच्छा; ४ × १० ÷ ५ = ८. जातीचा नियम इथेही पाळला गेलाच आहे, मीटरला मीटर. म्हणजे एकाच जातीच्या दोन राशी सापडल्या एवढ्याने भागत नाही. फल ज्या राशीच्या मागे धावतं, तीच राशी प्रमाण म्हणून घ्यावी लागते. रंग क्षेत्रफळाच्या मागे धावतो. भिंतीच्या तळाशी चिकटवायची पट्टी मात्र लांबीच्या मागे धावते. १८ मीटरची ३६ मीटर. आणि त्या हॉलमधली हवा मोजायची असेल तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही लागतील. ६० घनमीटरचे २४०. ‘दुप्पट हॉल’ या दोन शब्दांत पट्टी दुप्पट, भिंती दुप्पट, छत चौपट, हवा चौपट, असं सगळं एकत्र कोंबलेलं होतं.

म्हणून शाब्दिक उदाहरणात मला तिरकस गुणाकारापेक्षा एकमान पद्धत जास्त विश्वासाची वाटते. ४ लिटर : २० चौरस मीटर = क्ष : ८० चौरस मीटर असं मांडून तिरकस गुणलं की ४ × ८० = ३२० येतात. हे ३२० कशाचे? लिटर-चौरस मीटरचे, अशी वस्तू जगात कुठे नसते, त्यामुळे ती संख्या चुकली तरी मनाला टोचत नाही. एकमानाने गेलं तर मधे ‘एका लिटरला एका हाताचे १० चौरस मीटर’ असा आकडा थांबतो. खोलीच्या छताचे दोन हात म्हणजे ४० चौरस मीटर, भागिले ४ लिटर. त्या आकड्याकडे रंगारी क्षणभर बघून सांगेल की बरोबर वाटतो की नाही. भिंतींचा तसाच आकडा ९६ ÷ ८ = १२ येतो. छताचा त्याहून थोडा कमी, कारण वर हात करून रंगवताना रंग जास्त सांडतो. अर्थ असलेली संख्या वाटेत भेटली की हिशेब स्वतःची राखण स्वतः करतो.

बादलीत काय झालं

तिसरी ओळ मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी वाटते. रंग आणि पाणी ३ : १ पाहिजे; ६ लिटरच्या बादलीत रंग ४, पाणी २ घेतलं. खरं म्हणजे ३ : १ मध्ये एकूण भाग ४ होतात. ६ लिटरचे चार भाग केले की एक भाग दीड लिटरचा. रंग साडेचार, पाणी दीड. बादलीतलं मिश्रण झालं ४ : २, म्हणजे २ : १. फरक अर्धाच लिटर आहे म्हणून कुणी दुर्लक्षही करील, पण रंगाच्या प्रत्येक लिटरमागे पाणी एक तृतीयांश लिटरवरून अर्ध्या लिटरवर गेलं. दीडपट पाणी. भिंतीवर ते ओघळणारच.

पण हे ४ आणि २ आले कुठून? इथे दोन अगदी वेगळे विचार एकाच चुकीच्या उत्तरापाशी पोचतात.

पहिला विचार: तिनास एक, म्हणजे तिसरा हिस्सा पाणी. ६ चा तिसरा हिस्सा २, उरला रंग ४. यात भाग आणि पूर्ण यांची गल्लत आहे. ३ : १ हे गुणोत्तर रंगाची तुलना पाण्याशी करतं, एकूण मिश्रणाशी नाही. पाणी रंगाच्या एक तृतीयांश आहे, मिश्रणाच्या एक चतुर्थांश. दोन्ही वाक्यं एकाच बादलीबद्दल खरी आहेत आणि ऐकताना जवळजवळ सारखी वाटतात. टक्क्यांत तर घोळ आणखी वाढतो. ‘पाणी २५ टक्के’ असं कुणी म्हणालं तर कशाच्या २५ टक्के, हे विचारल्याशिवाय बादलीला हात लावू नये. मिश्रणाच्या २५ टक्के असेल तर गुणोत्तर ३ : १, रंगाच्या २५ टक्के असेल तर ४ : १.

दुसरा विचार: रंग ३ आणि पाणी १, एकूण ४ लिटर. पाहिजेत ६, म्हणजे दोन लिटर जास्त. ते दोघांत सारखे वाटून द्यावेत. ३ + १ = ४, १ + १ = २. उत्तर तेच, रंग ४ आणि पाणी २. इथे माणूस गुणोत्तर टिकवायला निघालेला असतो आणि फरक टिकवून बसतो. ३ आणि १ मध्ये फरक दोनचा, ४ आणि २ मध्येही दोनचाच, तेव्हा सगळं जागच्या जागी आहे असं त्याला मनापासून वाटतं.

ही दुसरी वाट फार पूर्वीपासून नोंदलेली आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस पुढे विज्ञानशिक्षणाकडे वळले. त्यांनी १९७० च्या आसपास मुलांना एक कोडं घालायला सुरुवात केली. दोन चित्रं आहेत, एक बुटका आणि एक उंच माणूस. बटणांनी मोजलं तर बुटका ४ बटणं, उंच ६ बटणं. बुटक्याला कागदाच्या क्लिपांनी मोजलं तर तो ६ क्लिपा भरतो. मग उंच माणूस किती क्लिपा? उत्तर ९, कारण ४ चे ६ म्हणजे दीडपट आणि ६ ची दीडपट ९. कितीतरी मुलं ८ म्हणतात. बुटक्याची बटणं ४ आणि क्लिपा ६, दोन जास्त. मग उंचाच्याही दोन जास्त. बेरजेची ही सवय लहानपणी पक्की होते आणि गुणाकार शिकल्यावरही अडचणीच्या वेळी तीच आधी धावून येते.

आता आपल्या तरुणाचा विचार कोणता होता, ते ४ आणि २ या उत्तरावरून कळत नाही. ज्याला ही चूक सुधारायची आहे त्याला मात्र ते कळणं फार गरजेचं आहे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. बेरीज करणाऱ्याला ‘एकूण भाग चार असतात’ हे दहादा सांगितलं तरी त्याची अडचण सुटणार नाही. कळण्याचा मार्ग सोपा आहे: आणखी एक आकडा द्यायचा, असा की जिथे दोन्ही वाटा वेगळ्या होतील.

“बारा लिटरची बादली भरायची असेल तर?”

“आठ रंग, चार पाणी.”

बेरजेच्या वाटेने गेला असता तर उत्तर सात आणि पाच आलं असतं, फरक दोनचा. बरोबर उत्तर नऊ आणि तीन. ‘आठ आणि चार’ म्हणजे तिसरा हिस्सा. भाग आणि पूर्ण यांचीच गल्लत होती. सहा हा आकडा चाचणीसाठी वाईट होता, बारा चांगला. शिकवणाऱ्यांनी उदाहरणातले आकडे सहज म्हणून निवडू नयेत असं मी म्हणतो ते याचसाठी. सोयीचा आकडा दोन वेगळे आजार एकाच लक्षणाखाली झाकून टाकतो.

कालवलेली ६ लिटरची बादली फेकायची गरज नव्हती. तिच्यात पाणी २ लिटर आहे. पाण्याच्या तिप्पट रंग पाहिजे, म्हणजे ६ लिटर. आहे ४. तेव्हा २ लिटर रंग आणखी ओतला की ६ : २, म्हणजे ३ : १ जमलं आणि मिश्रण झालं ८ लिटर. हॉलच्या भिंतींच्या पहिल्या हाताला ९६ ÷ १२ = ८ लिटरच लागणार होतं. या दुरुस्तीत एक गोष्ट पक्की धरली होती, पाणी. ते बदलणार नव्हतं, म्हणून सगळं त्याच्याशी ताडून पाहिलं. पाणी जास्त झालेलं असेल तर रंग वाढवायचा, रंग जास्त झालेला असेल तर पाणी वाढवायचं. जे बदलत नाही त्याच्यापासून मोजायला लागायचं.

वेळेची ओळ

चौथी ओळ वाचताना मान आपोआप डोलते. काम दुप्पट, माणसं दुप्पट, वेळ तोच. या तर्काला मुळात दोष नाही. पंचराशिक (पाच दिलेल्या राशींवरून सहावी काढण्याची रीत) असंच चालतं. काम वाढलं तर वेळ समप्रमाणात वाढतो, माणसं वाढली तर व्यस्त प्रमाणात घटतो, आणि दोन्ही सारखे वाढले तर एकमेकांना खाऊन टाकतात. पण १५ तास हा आकडा एकसंध नाही. त्याच्या पोटात तीन वेगळ्या स्वभावाचे तास आहेत, आणि तिघांनाही एकाच नियमाने हाकलं गेलं.

पहिले तास रंगवण्याचे. खोलीच्या छतावर दोघांनी मिळून एका हाताला २ तास घेतले, म्हणजे एकाचा वेग तासाला ५ चौरस मीटर. भिंतींवर एका हाताला ४ तास, म्हणजे वेग ६. खोलीला एकूण मनुष्य-तास लागले छताला ८ आणि भिंतींना १६, मिळून २४. इथे गुणाकाराला अर्थ आहे, हे लक्षात घ्या; माणसं गुणिले तास म्हणजे प्रत्यक्ष केलेलं काम. हॉलचं छत चौपट, म्हणून ३२ मनुष्य-तास. भिंती दुप्पट, म्हणून त्यांनाही ३२. एकूण ६४. काम दुप्पट झालेलंच नाही, ते पावणेतीन पटीच्या आसपास गेलं आहे. चार माणसांत १६ तास.

दुसरा तास ढवळण्या-गाळण्याचा आणि धुण्याचा. खोली केवढीही असो, तो जवळजवळ तेवढाच राहतो. शून्य चौरस मीटर रंगवायचे ठरवूनही डबा उघडलात आणि ब्रश भिजवलात तरी तो तास गेलाच. प्रमाण ओळखायची ही एक स्वस्त चाचणी आहे: एक राशी शून्य केली तर दुसरी शून्य होते का? रंगाची होते, वेळेची होत नाही. जिथे होत नाही तिथे ‘दुप्पटीला दुप्पट’ म्हणता येत नाही, मग आलेख सरळ रेषेत का असेना.

अशा ठिकाणी फसायला गणित कच्चं असावं लागत नाही. अमेरिकेत कॅथलीन क्रेमर, थॉमस पोस्ट आणि सारा करिअर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्या ३३ जणांना घातलेलं एक उदाहरण आहे. दोन मुली मैदानाभोवती सारख्याच वेगाने धावतात. एक आधी निघाली. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हा पहिलीच्या किती? ३३ पैकी ३२ जणांनी प्रमाण मांडलं. त्याने उत्तर ४५ येतं. वेग सारखा आहे, म्हणजे सहा फेऱ्यांचं अंतर कायम राहणार, उत्तर २१. बादलीत फरक धरून बसणं चूक होतं, इथे फरकच खरा आहे. आकड्यांकडे बघून यातलं काही कळत नाही. तीन संख्या दिलेल्या, चौथी विचारलेली, दोन्ही उदाहरणांचा चेहरा एकच.

तिसरे तास वाळण्याचे, आणि ते सगळ्यात गमतीचे आहेत. दोन हातांमधले ४ तास माणसांनी कमी होत नाहीत आणि हॉलने वाढत नाहीत. पण ते ४ तास वाटच बघावी लागते असंही नाही. खोलीच्या छताचा पहिला हात २ तासांत संपला. ज्या कोपऱ्यातून सुरुवात केली तो तेव्हा २ तास वाळला होता. म्हणून आणखी २ तास थांबावं लागलं. भिंतींचा पहिला हात मात्र ४ तास चालला. शेवटच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत पहिल्या कोपऱ्याचे ४ तास भरले होते. थांबावंच लागलं नाही. तेव्हा खोलीचा हिशेब असा: छत २ + थांबणं २ + २, भिंती ४ + ४, वर तयारीचा १. एकूण १५.

हॉलमध्ये चार माणसांना छताच्या एका हाताला ८० ÷ २० = ४ तास आणि भिंतींच्या एका हाताला ९६ ÷ २४ = ४ तास लागतात. थांबण्याची गरज कुठेच नाही. ४ + ४ + ४ + ४ आणि तयारीचा १, एकूण १७ तास.

कागदावर होते १५. दोनच तासांचा फरक बघून कुणी म्हणेल, चला, अंदाज वाईट नव्हता. तो वाईट होता. छताचं काम चौपट झालं होतं हे त्याने धरलं नव्हतं आणि थांबण्याचे तास नाहीसे होणार हेही धरलं नव्हतं. एक चूक वेळ कमी दाखवत होती, दुसरी जास्त, आणि दोघींनी मिळून उत्तर सभ्य दिसायला लावलं.

आठ माणसं

पाचव्या ओळीत तो मुलामा उतरतो. चार माणसांना १५, तर आठांना साडेसात. व्यस्त प्रमाणाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. ‘लीलावती’तही व्यस्तत्रैराशिक वेगळं सांगितलेलं आहे: इच्छा वाढली की जिथे फल घटतं तिथे ते वापरावं, आणि त्याच्या उदाहरणांत सोन्याचा कस आणि वजन आहे. कस वाढला की तेवढ्याच मोलाला वजन कमी पुरतं. तिथे दोघांचा गुणाकार खरोखर कायम राहतो. आपल्या हॉलमध्ये माणसं आणि तास यांचा गुणाकार कुठपर्यंत कायम राहतो ते बघू.

तयारीचा तास बाजूला ठेवू. दोन माणसं असती तर छताचा एक हात ८ तासांचा आणि भिंतींचाही ८ चा, थांबणं शून्य, एकूण ३२. चार माणसांना १६. इथपर्यंत व्यस्त प्रमाण चोख. आठ माणसांना छताच्या एका हाताला २ तास लागतात, आणि आता थांबणं परत आलं: २ काम, २ थांबणं, २ काम. भिंतींचंही तसंच. एकूण १२, आठ नाहीत. सोळा माणसांना प्रत्येक हात १ तासाचा आणि थांबणं ३ तासांचं. ५ आणि ५ मिळून १०. चौसष्ट माणसं आणली तरी साडेआठ. कितीही माणसं ओता, ८ तासांच्या खाली जाता येत नाही, कारण छत आणि भिंती या दोन्हींना ४-४ तास वाळायला द्यावेच लागतात. चार माणसांनंतर गुणाकार ६४ वरून ९६ वर, मग १६० वर चढत जातो. आलेली माणसं भिंतीकडे बघत बसलेली असतात. तेव्हा आठ जणांचं उत्तर तयारी धरून १३ तास, साडेसात नाही.

शेवटी एक गोष्ट कागदावर नव्हतीच. शिड्या दोन होत्या. भिंतींचा वरचा भाग स्टुलावरून होतो, छताला शिडीच लागते. लांब दांडीचा रोलर असता तर गोष्ट वेगळी होती. दोन शिड्यांवर दोनच माणसं चढणार, मग खाली चार असोत की चाळीस. तयारीचा तास पुन्हा बाजूला ठेवला तर छताचा एक हात ८ तास, दोन हात १६. त्यानंतर भिंती: चार माणसांना ८ तास, एकूण २४. आठ माणसांना भिंतींचे २ + २ + २ = ६, एकूण २२. म्हणजे चार जादा माणसं आणून वाचतात दोन तास. माणसं चारच ठेवून आणखी दोन शिड्या आणल्या तर २४ चे १६ होतात, वाचतात आठ.

तरुणाने दुसरा कागद घेतला. भिंतींचं मिश्रण १६ लिटर, त्यात रंग १२ आणि पाणी ४. छताचं १६ लिटर. माणसं ४, शिड्या ४, वेळ १७ तास. पाचवी ओळ त्याने लिहिलीच नाही; शिड्या कुणाकडे मिळतील ते विचारायला तो बाहेर गेला.